शिदोरी न घेता निघालेली

"डॉक्टर, माझी बहीण पूर्ण व्हायच्या आधीच बाहेर आली, तर तिच्यात काय काय बसवायचं राहून गेलंय?"

प्रश्न विचारला मी, पण तो ठरला होता शाळेत, आमच्या शेवटच्या बाकावर. बाळांच्या त्या डॉक्टरबाई कधी हसत नाहीत आणि आई-बाबा त्यांच्यासमोर 'हो'शिवाय दुसरा शब्द काढत नाहीत, असं मी मैत्रिणींना सांगत होते. त्यावर आमच्यातली चष्मिष म्हणाली की मग तूच विचारून दाखव, आणि प्रश्नही तिनंच तयार करून दिला. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. पण यंदा वक्तृत्वात एक बक्षीस काय मिळालं, आईच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या जिभेला हाडच उरलं नाही. तेव्हा पैज घेणं भागच होतं.

तपासणीच्या दिवशी आई बाळाचं झबलं काढत होती आणि बाबा भिंतीकडे बघत होते. बाबा फरशी आणि टाइल्स बसवतात. त्यामुळे घाबरले की ते कुठल्याही खोलीत टाइल्सचे सांधे सरळ आहेत का ते बघत बसतात. मी संधी साधून विचारून टाकलं. बाबांचे कान लाल झाले. आईनं मला असा चिमटा काढला की दंडावर दोन दिवस खूण राहिली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"बसवलंय सगळं," त्या म्हणाल्या. "शिदोरी द्यायची राहिली."

मग त्यांनी मला, फक्त मला, समजावून सांगितलं. आईला आजवर जे जे आजार होऊन गेले, ज्या ज्या लशी टोचल्या, त्यांच्याशी लढायचं सामान आईच्या रक्तात तयार असतं. त्यातलं बरंचसं ती पोटातल्या बाळाला शेवटच्या दोन-तीन महिन्यांत देते. पूर्ण दिवसांचं बाळ ही शिदोरी काखोटीला मारूनच जगात येतं आणि पहिले काही महिने तिच्यावर काढतं. आमची निघाली दोन महिने आधी, शिदोरी बांधून व्हायच्या आत. त्यात रक्तातले पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, तिच्याकडे कमी, आणि आहेत तेही नवखे. चोर घरात शिरला तरी कुठल्या दाराकडे धावायचं हे त्यांना उशिरा कळतं. आईच्या दुधातून थोडी भर पडते, पण थोडीच.

"आणि हे लक्षात ठेव," त्या बाळाला उपडं करत म्हणाल्या. "पूर्ण दिवसांचं बाळ आजारी पडलं की बहुतेक वेळा घर डोक्यावर घेतं. तापतं, रडतं, सगळ्यांना कळवतं. हिच्यात अजून तेवढा दम नाही. ही गप्प होईल. गार पडेल. दूध सोडेल. ताप येईल मग बघू, असं म्हणत बसायचं नाही."

आई-बाबा 'हो' म्हणाले.

पैज जिंकले म्हणून चष्मिषनं आठवडाभर माझं दप्तर उचललं. वर्गात मी डॉक्टरबाईंची नक्कलही करून दाखवली. पण ते 'गार पडेल' माझ्या पोटात जे जाऊन बसलं ते तिथून हलेना. गणित सोडवताना, वेणी घालताना, कुठेही ते अचानक आतून टोचायचं.

बहिणीला आम्ही चिंगळी म्हणतो. हे नाव बाबांनी ठेवलं, हॉस्पिटलात, काचेच्या पेटीबाहेर उभं राहून. आत ती होती, लालसर, पारदर्शक, पाय दुमडलेले, अगदी कोलंबीच्या पिल्लासारखी. तिची कातडी इतकी पातळ होती की निळ्या शिरा मोजता आल्या असत्या. बाबांना आत जाण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायला लावत. त्यांच्या नखांच्या कडांत वर्षानुवर्षांचं सिमेंट. ते ब्रशनं घासघासून रक्त काढायचे आणि तरी सिस्टर म्हणायच्या, पुन्हा. बाबा पुन्हा घासायचे.

आणि ज्या आठवड्यात ती जन्मली त्याच आठवड्यात माझ्या काकूला मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, गरगरीत, जन्मतःच गालाला खळी. त्याला सगळे पैलवान म्हणतात. आमच्या घरच्यांना यातून एक नवंच वेड लागलं. दोघं एका आठवड्यातली, म्हणजे ही जोडी. पैलवानाला जे चालतं ते चिंगळीला चाललंच पाहिजे. पैलवानाला तेलानं चोळलं, चिंगळीला चोळा. पैलवानाला गॅलरीत ऊन दाखवलं, चिंगळीला दाखवा. चिंगळी घरी आल्यापासून काका-काकू दर रविवारी पैलवानाला घेऊन यायचे, दोघांना एका गादीवर शेजारी शेजारी निजवायचे आणि जोडीचा फोटो काढायचे. फोटोत ती दोघं म्हणजे भोपळ्याशेजारी शेंग. तरी काकू दर वेळी म्हणायची, आता बघा कशी भरत चाललीये.

काकू वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. उलट तिच्याइतकी मायाळू बाई आमच्या नात्यात दुसरी नाही. चिंगळी पेटीत असताना रोज डबा आला तो काकूच्या घरून. काकानं आपली गाडी आमच्यासाठी राबवली. आणि हेच आई-बाबांच्या घशात अडकलेलं हाडूक होतं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की पाहुणे नकोत, सर्दी-खोकलावाले तर मुळीच नकोत. पण ज्यांनी डबा पुरवला त्यांना दारातून परत कोण पाठवणार? आईनं बाबांना सांगितलं, तुम्ही बोला, तुमचा भाऊ आहे. बाबा म्हणाले, तू बोल, बायकांचं बायकांना पटतं. असं ते एकमेकांकडे ढकलत राहिले आणि रविवार येत राहिले.

त्या रविवारी पैलवानाचं नाक वाहत होतं.

मी दार उघडलं आणि पहिलं तेच बघितलं. काकू चपला काढताना म्हणाली, दोन दिवस झाले गं, आता लेकरांचं नाक नाही वाहायचं तर कुणाचं. आई आतून आली. तिनंही ते नाक बघितलं, मी तिला बघताना बघितलं. आता बोलेल, आता बोलेल, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, चहा टाकू ना?

मग मीच तोंड उघडलं. अगदी गोड आवाजात सुचवलं की आज पैलवानाचा एकट्याचा फोटो काढू या, पैलवान आहे, त्याला सगळी गादी लागते. काकू हसली, पण डोळ्यांनी नाही.

"म्हणजे आमचं पोर रोगट झालं होय गं?"

आईचा चेहरा पडला. "मनावर नको घेऊस," ती घाईघाईनं म्हणाली. "हिला हल्ली फार शिंगं फुटलीयेत." आणि मला दाखवायला म्हणून तिनं स्वतःच्या हातांनी चिंगळीला उचललं आणि पैलवानाशेजारी निजवलं. काकानं मोबाइल वर धरला. तेवढ्यात पैलवानानं तोंडभर शिंक दिली, थेट चिंगळीच्या चेहऱ्यावर. सगळे हसले. काका म्हणाला, भावानं आशीर्वाद दिला. मी पंचा आणायला धावले आणि तिचा चेहरा पुसून काढला. मोठी माणसं हसत असताना आपण एकटंच घाबरलेलं असणं फार विचित्र असतं. वाटतं आपल्यालाच काहीतरी झालंय.

दोन दिवसांनी पैलवानाला ताप भरला. काकूचा फोन आला तेव्हा मागून त्याचं बोंबलणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. त्यांनी त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, काका-काकू आळीपाळीनं त्याला खांद्यावर घेऊन हिंडले, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला तो हसतच. आई त्या दोन दिवसांत चिंगळीच्या कपाळाला सारखा हात लावून बघत होती. काही नाही. ताप नाही, शिंक नाही. बाबा तर खूश झाले. म्हणाले, नावालाच चिंगळी, बघा पैलवान आडवा झाला आणि ही उभी आहे.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यानंतर एका दुपारी मी शाळेतून आले तर घर इतकं शांत होतं की घड्याळ ऐकू येत होतं. आई चक्क लोळत पेपर वाचत होती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. ती ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते तिथली तिची बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती आणि झोप म्हणाल तर तिनं महिनोनमहिने पाहिली नव्हती.

"आज बघ किती शहाण्यासारखी वागली," ती कुजबुजली. "सकाळपासून एकदा रडली नाही. दूधही मागितलं नाही गं, नुसती झोपलीये."

मी दप्तर टाकलं. कोपरापर्यंत हात धुतले. हात कोरडे करून, चोळून गरम केले आणि चिंगळीच्या पाठीखाली सरकवले.

ती गार होती.

पाय गार असतात कधीकधी, ते ठीक. मी झबल्याखालून पोटाला हात लावला. पोट गार. फरशीला हात लावावा तसं नाही, पण जिथे ऊब असायलाच हवी तिथे ती नव्हती. हात उचलून सोडला तर ओल्या पंचासारखा खाली पडला. मी तिच्या ओठांशी दुधाचं बोट नेलं. ओठ हललेही नाहीत.

"आई, ही गार पडलीये."

आई उठली, तिनं कपाळाला हात लावला. थर्मामीटर काखेत धरला. आकडा आला तो नेहमीपेक्षा खाली. आईनं तो माझ्यापुढे धरला, जणू काही मी वाद घालत होते आणि ती जिंकली.

"ताप नाहीये. बघ. झोपू दे तिला. बाबा येतील मग बघू."

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? ताप येणारच नाही म्हणाल्या होत्या. गप्प होईल म्हणाल्या, गार पडेल म्हणाल्या. ही शहाणी नाही झालेली, ही आजारी आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून आधी राग गेला, मग रंग गेला. मला वाटतं तिला हे आत कुठेतरी ठाऊक होतं. दिवसभर ती पेपरामागे लपून त्याच्याशी लपंडाव खेळत होती.

त्यानंतर ती आई राहिली नाही, यंत्र झाली. हॉस्पिटलात शिकवलं होतं तसं तिनं चिंगळीला उघडी करून आपल्या छातीशी, कातडीला कातडी लावून, ब्लाउजच्या आत घेतलं, वरून शाल. मी खाली धावले. खालच्या मजल्यावर गाडी चालवायला शिकवणारे गृहस्थ राहतात. त्यांना सगळी बिल्डिंग गोगलगाय म्हणते. स्वतः इतकी हळू चालवतात की शिकणारी पोरं कंटाळून पास होतात. गाडी होती तेवढी त्यांचीच, छपरावर ड्रायव्हिंग शाळेची पाटी लावलेली. मी काय बोलले आठवत नाही. ते जेवत होते, ताटावरून तसेच उठले.

मी मागे आईशेजारी बसले. शालीतून चिंगळीचं डोकं तेवढं दिसत होतं आणि एक पाऊल मी हातात धरलं होतं. मी तिचा श्वास बघत होते. एक. एक. एक. आणि मग नाही.

मी वाट बघितली. येईल. नाही आला. ओठांभोवती निळसर सावली यायला लागली. पेटीत असताना सिस्टर हात आत घालून तिच्या तळपायाला टिचकी मारायच्या, ते मी काचेतून कितीदा पाहिलं होतं. मी टिचकी मारली. काही नाही. जोरात मारली. तिनं एक उसासा टाकला आणि श्वास पुन्हा सुरू झाला, गाळात रुतलेलं चाक निघावं तसा.

आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, तू तिला नीट धर."

पुढे सिग्नल लाल होता. गोगलगाय काकांनी आरशातून मागे बघितलं. त्यांनी आयुष्यात कधी लाल दिवा ओलांडला नसेल. त्यांनी हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि गाडी तशीच चौकात घातली. दोन्ही बाजूंनी ब्रेक किंचाळले. छपरावर शाळेची पाटी. एरवी मी यावर शेवटच्या बाकाला महिनाभर हसवलं असतं. तेव्हा मी फक्त टिचक्या मारत होते. वाटेत चिंगळीचा श्वास आणखी दोनदा थांबला.

हॉस्पिटलात आमच्या हातातून तिला घेतलं आणि दार बंद झालं. बस. आता करायला काहीच नव्हतं, आणि ते गाडीतल्यापेक्षा वाईट होतं. आई बाकावर बसली होती, ब्लाउजची बटणं चुकीची लागलेली, हात अजून तसेच छातीशी दुमडलेले. मी तिला बटणं लावून दिली. ती लहान मुलीसारखी बसून राहिली.

बाबा कामावरून आले ते पँटवर वाळलेलं सिमेंट घेऊनच. काही न विचारता सरळ बेसिनपाशी गेले आणि हात घासायला लागले. आत कुणी बोलावलंही नव्हतं त्यांना. घासतायत, घासतायत. शेवटी मी जाऊन नळ बंद केला.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. त्यांनी सांगितलं की छातीत संसर्ग उतरलाय, श्वासाला मशीनचा आधार दिलाय, औषधं सुरू केलीत. अजून उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. आईनं विचारलं की हिच्याच आठवड्यात जन्मलेल्या पुतण्याला तोच आजार दोन दिवसांत सोडून गेला, मग हिला असं का?

"तो शिदोरी घेऊन आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याला ती सर्दी आहे. हिला ती वादळ आहे. दोघं एका आठवड्यात जन्मली म्हणून एका वयाची होत नाहीत, बाई."

जगेल ना, हे मला विचारायचं होतं. माझ्या हाड नसलेल्या जिभेवर तो शब्द आला आणि तिथेच चिकटला. कुणी कितीही पैज लावली असती तरी मी तो विचारू शकले नसते.

पुढचे दिवस आम्ही काचेबाहेर काढले. शाळा सुटली की मी थेट तिकडे. चिंगळी नळ्यांमध्ये पडलेली, छाती मशीनच्या तालावर हलणारी. मी त्या तालावर श्वास घ्यायचे आणि दमायचे. मशीन वाजलं की आम्ही तिघं एकदम उभे राहायचो, आणि सिस्टर येऊन काहीतरी नीट करून गेली की तिघं एकदम बसायचो. एकदा सिस्टर पळत आली, तिच्यामागे आणखी एक, आणि त्यांनी पडदा ओढला. पडद्याखालून फक्त बूट दिसत होते. आईनं माझा हात धरला होता, माझी बोटं पांढरी पडली होती. किती वेळ गेला, देव जाणे. पडदा सरला तेव्हा चिंगळी तिथेच होती, मशीन तसंच चालू होतं, आणि कुणी आम्हाला काही सांगितलं नाही.

मग एका सकाळी, रविवारची सुट्टी होती, मोठी नळी काढली. नाकाशी छोटी राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, उतार लागलाय, पण घाट संपलेला नाही, अजून मागे फिरू शकतं. घरी नेल्यावरही आधीचेच नियम, आता तर दुप्पट. पुढची सर्दी तिला कदाचित एवढी संधी देणार नाही. आई-बाबा 'हो' म्हणाले. त्या गेल्या आणि काचेआड चिंगळीनं तोंड वासलं. रडत होती. आवाज काचेतून येत नव्हता, पण चेहरा लालभडक, मुठी आवळलेल्या. आई काचेला कपाळ टेकवून हसतही होती आणि रडतही होती.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. काकू होती. बाबांनी तिला बातमी दिली. पलीकडून ती रडली ते मला ऐकू आलं, आणि तिचं रडणं अगदी खरं होतं. मग ती म्हणाली की बाळ घरी आलं की आम्ही लगेच येतो, तुमच्या मदतीला, पैलवानालाही आणतो, तो बहिणीला विसरेल नाहीतर. बाबांनी आईकडे बघितलं. आईनं बाबांकडे बघितलं. दोघांच्याही तोंडावर तो रविवार लिहिलेला होता, नाक, शिंक, हसणं, सगळं. आणि बाबा फोनमध्ये म्हणाले, "हो हो, या ना. विचारायचं काय त्यात."

फोन ठेवून ते समोरच्या भिंतीच्या टाइल्सकडे बघायला लागले.

मला इतकी भीती त्या गाडीतही वाटली नव्हती. गाडीत निदान मला ठाऊक होतं की टिचकी कुठे मारायची. माझे आई-बाबा जगातली सगळ्यात चांगली माणसं आहेत, आणि त्यांच्या चांगुलपणानं माझी बहीण मरू शकते, हे मला तिथे त्या बाकावर लख्ख दिसलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना टाइल्स दिसू नयेत.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "चिंगळी घरी आली की आपल्या दारात मी उभी राहणार. तुम्ही दोघांनी कुणाला काही सांगायचं नाही, तुम्हाला ते जमत नाही. डॉक्टर म्हणतील तोवर आत कुणी येणार नाही, काकूसुद्धा नाही. मला साधं नाक जरी चोंदलं, तर मीही नाही, मी मैत्रिणीकडे राहीन. आणि काकूला फोन मी करतेय, आत्ता, इथूनच. ती रुसेल. रुसू दे, माझ्यावर रुसेल."